सारख्या बिया एकत्र

९ जानेवारी
वहिनीच्या नोकरीला आज आठवडा झाला. ती सकाळी आठला रिक्षाने माणिकपूरच्या दवाखान्यात जाते, दादा त्याआधीच कामणच्या गोदामात. मग संध्याकाळपर्यंत इव्हा आणि जोएल माझ्याकडे. ती चारची, तो दोनचा. वहिनीची अट एकच, मोबाइल हातात द्यायचा नाही.
आज कपड्यांचे चिमटे ताटाच्या कडेला लावायला दिले. जेमतेम दहा मिनिटं. मग जुने ब्रश पाण्यात बुडवून ओटीची भिंत 'रंगवायला' दिली. पुरता तास. भिंत वाळते, पुन्हा रंगवायची. जोएलने शेवटी दोन्ही पाय बादलीत घातले. त्याला सर्दी झाली तर माझ्यामुळे.

१२ जानेवारी
परातीत पीठ पसरून इव्हाला अ काढायला शिकवला. आईने मला असाच शिकवला होता. लहानपणी मी सारखी आजारी, सहा वर्षांची होईपर्यंत आईच माझी शाळा. वाल मोजून बेरीज, भाजी निवडताना रंग. आई गेल्याला तीन वर्षं झाली, पण मुलांसमोर बसले की हात तिच्यासारखेच चालतात. डोकं मात्र माझंच. पीठ वाया गेलं म्हणून दुपारभर चुटपूट. शेवटी चाळून त्याचीच भाकरी केली.

१६ जानेवारी
बालवाडीच्या नोकरीची मुलाखत, मोबाइलवर. मला अर्धा तास शांतता हवी होती.
जोएल झोपला. इव्हाला मोठ्या ताटात बिया मिसळून दिल्या, वेगळ्या करायला. लाल भोपळ्याच्या होत्या, वाल होते, पण ताट अपुरं वाटलं. म्हणून बाबांच्या फळीवरून दुधीच्या बियांच्या दोन बाटल्या काढल्या, एक हिरव्या झाकणाची, एक पांढऱ्या. बाबांचं पेरणीचं बी आहे हे मला ठाऊक होतं. वाटलं, परत भरून ठेवू. दोन्हीतल्या बिया सारख्याच तर दिसत होत्या.
मुलाखतीत विचारलं, घरातल्या साध्या वस्तूंनी मुलांना कसं रमवाल? मी मोबाइल इव्हाकडे वळवला. ती जीभ बाहेर काढून बी बी उचलत होती. पलीकडच्या बाई हसल्या, टाळ्या वाजवल्या. इव्हा लाजली.
सगळं अचूक वेगळं केलं पोरीने. दुधीच्या सगळ्या बिया एका बाटलीत. मी म्हटलं, शाबास.

१७ जानेवारी
बाबा सकाळी बी काढायला गेले. एक बाटली काठोकाठ, एक रिकामी.
हिरव्या झाकणाचं बी आईचं. तिच्या माहेरचा गोल दुधी, मोठा झाला तरी कोवळाच राहणारा. दरवर्षी मांडवावरच्या एका चांगल्या फळाला ती चिंधी बांधायची. चिंधीवालं फळ कोणी कापायचं नाही, ते बियासाठी. आई गेल्यावर चिंधी बाबा बांधतात. पांढऱ्या झाकणाचं बी दुकानातलं, लांब दुधीचं, बाजाराला न्यायचं. ते बाबा महिनाभर उशिरा लावतात, दोघांची फुलं एकत्र येऊ नयेत म्हणून. हे सगळं मी लहानपणापासून बघते आहे. दोन झाकणं का, हे एकदाही विचारलं नाही.
बाबांनी विचारलं, "कोनी केलं हे?"
मी म्हटलं, "मुलं खेळत होती."
खोटं नाही. मुलं खेळतच होती.
बाबा इव्हाला म्हणाले, "बाय, आजोबांच्या बाटल्यांना हात नाय लावायचा." आवाज चढवला नाही. इव्हाने माझ्याकडे बघितलं. मी जोएलचं नाक पुसत राहिले.

२० जानेवारी
बाबांनी सगळं बी ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवलं होतं, आज पिशव्यांत लावलं. वेगळं करता येत नाही तर सगळंच एकदम. मी घाबरत विचारलं, कधी कळेल? म्हणाले, वेलावरून नाही कळत, फळ धरायला लागलं की. तोवर दोन्ही एकाच मांडवावर. कळी उघडायच्या आधी ओळखून दोऱ्याने बांधली आणि त्याच वेलाचा पराग हाताने लावला, तर बी टिकेल. नाहीतर माश्या दोघांचे परागकण एक करतील, आणि पुढच्या वर्षी आईचा दुधी आईचा राहणार नाही.
सांगायचं होतं. तेवढ्यात जोएल उठला.

२९ जानेवारी
इव्हाला राजमा आणि चवळी वेगळी करायला दिली. तिने हात पाठीमागे नेले. म्हणाली, "तू कर, मी बघते."
झाकणं जुळवायचा खेळ दिला, तेच. पाण्याची भिंत तेवढी चालते. भिंतीचं काही बिघडत नाही, असं तीच जोएलला सांगत होती.
वहिनी म्हणाली, किती शहाणी झाली बघ, कशाला हात लावत नाही. तुझ्यामुळे हो. मी भांडी घासायला घेतली.

१८ फेब्रुवारी
राखेचा बुधवार. कपाळावर राख घेऊन घरी आले. इव्हाने विचारलं, हे कशाला लावतात? म्हटलं, आपल्या चुका आठवाव्यात म्हणून. तिने स्वतःच्या कपाळावर बोट फिरवून बघितलं.
वेल मांडवाला लागलेत. सगळे सारखे.

७ मार्च
चर्चमध्ये कुमसार केला, चुकांची कबुली. फादरांना सांगितलं, वडिलांशी खोटं बोलले. त्यांनी प्रार्थना सांगितल्या, गुडघ्यांवर बसून सगळ्या म्हटल्या. हलकं वाटायला हवं होतं. परतताना गासच्या वळणावर लक्षात आलं, मी इव्हाचं नावच घेतलं नाही. तिथेही बिया आणि बाबा एवढंच सांगितलं. बियांची माफी मागून आले.

१० मार्च
बालवाडीतून फोन. निवड झाली, जूनपासून. बाई म्हणाल्या, तो बियांचा खेळ सगळ्यांना फार आवडला.
घरी पेढे आणले. इव्हाने दोन खाल्ले. मला एकही गेला नाही.

२० मार्च
संध्याकाळी बाबा मांडवाखाली उकिडवे बसून कळ्या बघत होते. दुधीचं फूल दिवस कलला की उघडतं, त्याआधी बघावं लागतं. मादी कळीच्या मागे बोटाच्या पेराएवढा दुधी असतो. त्याच्या आकारावरून ओळखायचं.
मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं. बाटल्या मी काढल्या, मीच ओतल्या. इव्हाने मी सांगितलं तेच केलं.
बाबांनी मान वर केली नाही. म्हणाले, "ती फळी माझ्या डोक्याच्या वर. पोरीचा हात पोचतो तिथं?"
म्हणजे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दोन महिने. मी म्हटलं, मग तिला का बोललात?
"माझंपन चुकलं. वाटलं, तू लगेच मधे पडशील." पुढची कळी उलटून बघत म्हणाले, "मला सांगून काय. तिला सांग."

२१ मार्च
सकाळपासून शब्द जुळवत होते. शेवटी भिंत रंगवतानाच सांगितलं. बिया एकत्र झाल्या ती माझी चूक, तू सांगितलेलं बरोबर केलंस, आणि आजोबांना मी ते सांगितलं नाही.
ती ब्रश फिरवत राहिली. मग विचारलं, "तू शाबास म्हटलं होतंस ना?"
"हो."
"मग आजोबांसमोर परत का नाही म्हटलंस?"
मी म्हटलं, घाबरले होते. ती म्हणाली, "मीपन." बाबांसारखंच. मग भिंतीचा वाळलेला भाग शोधून तो रंगवायला लागली.
संध्याकाळी बाबांनी तिला मांडवाखाली बोलावलं. एक कळी सापडली होती, मागचं पोट गोलसर. आईचाच का, मी विचारलं. म्हणाले, गोल वाटतोय, अजून चार दिवस बघू. पण आज बांधायला हवी. देठ नाजूक आहे, माझी बोटं जाड.
त्यांनी दोऱ्याचं एक टोक इव्हापुढे धरलं. तिचे हात पाठीमागेच. तिने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी दुसरीकडे बघितलं नाही. म्हटलं, चुकलं तर मी सांगेन, माझं चुकलं म्हणून.
ती कळीकडे बघायला लागली. कळी अजून मिटलेली होती. बाबा दोरा धरून बसून राहिले, मीही.