चिमूटभर तंबाखू

१२ मे, सोमवार

डेनिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. शुक्रवारपासून ती रजेवर आणि आठवीचं वर्षअखेरीचं सगळं माझ्या गळ्यात. मी गणिताची बाई. ओजिब्वे, म्हणजे इथल्या मूळ अमेरिकन लोकांची, भाषा आणि रीतीभाती डेनिस शिकवते, तिची आजी याच तळ्याकाठी जन्मली. मी बार्शीची. प्रि. म्हणाले, "यू विल बी फाइन." प्रिन्सिपॉल लोक जगात कुठेही जा, सारखेच.

काम तसं एकच. आठवीची मुलं दर वर्षी शाळा सोडताना स्वतःच्या हाताने केलेलं बर्च झाडाच्या सालीचं सूप घेऊन निरोपाच्या जेवणाला येतात. (सूप मी म्हणते. इथे तळ्यात आपोआप उगवणारा तांदूळ पाखडायला वापरतात, म्हणजे सूपच.) पुढच्या वर्षी ही अकराही जणं चाळीस मैलांवरच्या मोठ्या हायस्कूलला. तिथे यांना कोण विचारतंय. सूप घरातल्या भिंतीवर राहतं.

साल काढायला गावातले म्हातारे व्हर्न हवेत. कुठली झाडं, साल सुटायला लागली की नाही, ते त्यांनाच कळतं. ते नाही म्हणाले तर यंदा सुपं नाहीत.

१५ मे, गुरुवार

डेनिसने पिवळ्या कागदावर यादी दिली. १) व्हर्नला विचार. २) जाताना तंबाखू ने. ३) मुलांच्या पँटी मोज्यांत खोच, गोचिडी फार झाल्यात.

दोन नंबर मी खोडला. वडीलधाऱ्यांकडे काही मागायचं तर आधी तंबाखू पुढे ठेवायची, ही यांची रीत. ऐकून होते. पण माझ्याच्याने व्हायचं नाही. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. जबड्याचं ऑपरेशन दोनदा. हॉस्पिटलच्या जिन्यात आईने मला आणि दादाला शपथ घातली होती, तंबाखूला हात लावायचा नाही, कुणाला द्यायची नाही, घरात आणायची नाही. दादा एकदा मोडून बसलाय. मी नाही.

रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढाच त्यातला अर्थ असणार. माझ्या मैत्रिणीने, मृणालने, पार्सिपनीहून बेसन पाठवलंय. लाडू करते.

१८ मे, रविवार

गेले. सोळा लाडू.

व्हर्न ऐंशीच्या पुढे. एकटेच राहतात, अंगणात उलटी ठेवलेली होडी, आत टीव्ही मोठ्याने. पोरं त्यांना अंकल व्हर्न म्हणतात, बाकी गाव नुसतं व्हर्न. माझ्या तोंडून नाव निघत नाही. "सर" म्हटलं की ते मागे वळून बघतात, कोण आलंय म्हणून.

चार लाडू खाल्ले. मी सगळं नीट सांगितलं, मुलं, सुपं, तारीख. ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, यंदा बर्फ लवकर वितळला. मी म्हटलं, हो. चहा झाला. निघताना माझा डबा मेपलच्या साखरेने भरून दिला.

डबा रिकामा पाठवत नाहीत म्हणजे माणूस आपल्यातला. पण उत्तर?

२१ मे, बुधवार

सकाळी तळं दिसतच नव्हतं. धुक्यातून लून पक्ष्यांचं ओरडणं फक्त. सातवीच्या पेपरांचा गठ्ठा मांडीवर, एकही तपासला नाही. या दिवसांत इथे उजेड संपतच नाही, जेवण झाल्यावरही आकाश दुधाळ असतं. मग काळवेळाचं भान जातं आणि भलतंच आठवतं.

बाबांचा डावा तळवा आठवला. जि. प. शाळेच्या ओट्यावर, मधल्या सुट्टीत. चिमूट, नखावर चुना, आणि उजवा अंगठा फिरत राहायचा. सहलीला जाऊ का, सायकल घ्याल का, हे त्याच वेळी विचारायचं, असं आम्हा दोघांना पक्कं ठाऊक. मळत असताना बाबा कधी खेकसले नाहीत. थाप मारून भुसा उडवायचे आणि मग उत्तर द्यायचे.

चांगली आठवण आहे, हेच मला आवडत नाही.

२५ मे, रविवार

दुसरी फेरी. चिवडा. (शेंगदाणे वेचून खाल्ले, बाकी पक्ष्यांना.) मला क्रिबेज नावाचा पत्त्यांचा डाव शिकवला, स्वतःच हिशेब ठेवतात आणि उघडउघड चापलुसी करतात. नाही, चापलुसी नव्हे, लबाडी. हसून पोट दुखलं.

पुन्हा विषय काढला. पुन्हा खिडकी. म्हणाले, काळ्या माश्या यंदा फार आहेत. डब्यात या वेळी गोठवलेला मासा.

नाही म्हणण्याची ही त्यांची पद्धत असावी. तोंडावर नाही म्हणायला जड जात असेल. मला वाईट वाटलं, खरं तर रडूच आलं गाडीत. मी बाहेरची, हे कोणी बोलत नाही. डेनिसने विचारलं असतं तर आले असते.

२८ मे, बुधवार

प्रि. म्हणाले, शुक्रवारपर्यंत नक्की सांग, नाहीतर पिझ्झा मागवू आणि सर्टिफिकेटं छापू. "किड्स लव्ह पिझ्झा."

तास संपल्यावर रेनी थांबली. वर्गात सगळ्यात गप्प मुलगी. "मिस के, इज अंकल व्हर्न कमिंग?" म्हटलं, विचार करतायत. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चुकलेलं उत्तर फळ्यावर लिहिलंय. त्यांच्या घरात भिंतीवर चार सुपं आहेत म्हणे, आईचं, मावशीचं, दोघा भावांचं. पाचवा खिळा ठोकून ठेवलाय. हे तिने सांगितलं आणि बसकडे पळाली.

तो खिळा डोळ्यांसमोरून जाईना.

२९ मे, गुरुवार

डेनिसकडे गेले. कोचावर, पाय उशीवर. सगळं सांगितलं.

"आणि तंबाखू दिलीस तेव्हा?"

"लाडू दिले."

हसायला लागली ती गुडघा धरून. "तू त्यांना विचारलंच नाहीस गं! तू त्यांना फक्त खायला घातलंस."

म्हणजे असं: तंबाखू ही भेट नव्हे, तो प्रश्न असतो. तो पुढे ठेवला की माणूस उत्तर द्यायला बांधला जातो. ठेवला नाही तर आपण नुसत्या गप्पा मारायला आलो. दोन रविवार मी त्या म्हाताऱ्या माणसाला हवापाण्यावर बोलायला लावलं, आणि घरी येऊन त्यांच्यावरच रुसले.

मग डेनिसला बाबांचं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. ती हसायची थांबली. म्हणाली, आमच्याकडेही गेलेत त्याने, माझा काका गेला. ती सिगरेट वेगळी, ही वेगळी. हिला ओढायचं नसतं, चघळायचं नसतं, द्यायचं असतं. पुढे म्हणाली, "तुला जमणार नसेल तर मी फोन करते त्यांना. ते समजून घेतील."

मी म्हटलं, उद्या सांगते. प्रि.ना मेसेज टाकला, सोमवारपर्यंत वेळ द्या. "ओके," आणि पिझ्झाचं चित्र.

३१ मे, शनिवार

डेनिसला फोन करू दिला नाही. का ते नक्की सांगता येत नाही. रेनीला "विचार करतायत" असं मी सांगितलं होतं, डेनिसने नाही.

पेट्रोलपंपावरचं दुकान. गल्ल्यावर सहावीतल्या जेडनची आई. सुटी तंबाखू मागितली तेव्हा तिने भुवया वर केल्या. "फॉर यू, मिस के?" म्हटलं, व्हर्नसाठी. "आह," म्हणाली, आणि एकदम आदराने पिशवीत घालून दिली. आयुष्यात पहिल्यांदा तंबाखू विकत घेतली आणि मान मिळाला. बाबांना सांगायला हवं होतं.

डेनिस म्हणाली होती, लाल कापडात बांध. लाल कापड म्हणजे घरात एकच, आईने निघताना ओटीत घातलेला खण. परदेशातसुद्धा ब्लाउजपीस संपत नाहीत. कोपरा कापला. पुडी फोडली आणि वास आला. खुर्चीत बसले. जिना, फिनेल, आईचा हात, सगळं. आणि त्याच्याही मागे शाळेचा ओटा.

हात साबणाने तीनदा धुतले. पुरचुंडी टेबलावर. शपथ मोडली की नाही?

१ जून, रविवार

कॅनडातल्या वणव्यांचा धूर आलाय. सूर्य नुसता केशरी, त्याच्याकडे सरळ बघता येतं. तळं आणि आकाश एकाच रंगाचं, मधली रेघ पुसलेली. व्हर्नच्या घरापर्यंत गाडी चालवली की तरंगत गेले, कोण जाणे.

पुरचुंडी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी टीव्ही बंद केला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

"काय हवंय?"

सांगितलं. या खेपेला चारच वाक्यं झाली, पाठ करून गेले होते ती सगळी विसरले. रेनीच्या खिळ्याचं सांगितलं. ते ऐकत होते. मग हात पुढे केला आणि पुरचुंडी उचलली. बस्स. उचलली म्हणजे हो.

म्हणाले, मंगळवारी. साल सुटायला लागली आहे, मी परवाच बघून आलो.

परवाच! म्हणजे न विचारताच बघून ठेवलं होतं. मी म्हटलं, मग मला सांगायचं तरी, माझी काय अवस्था झाली होती. तर म्हणतात, "तू काही मागत नव्हतीस. मला वाटलं, एकटी आहे, बोलायला येते."

तेही खोटं नव्हतं.

३ जून, मंगळवार

अकरा मुलं, व्हर्न, मी, एक मिनीबस. पँटी मोज्यांत. तरी गोचिडी सहा.

जंगलात धुराने उजेड पिवळा झालेला, पोरांचे आवाजही लांबून आल्यासारखे. पहिल्या झाडापाशी व्हर्ननी प्रत्येकाच्या डाव्या हातावर चिमूट चिमूट ठेवली. माझ्याही. ते त्यांच्या भाषेत झाडाशी बोलत होते, हळू, शेजाऱ्याशी बोलावं तसं. मी ऐकत होते. समजत काहीच नव्हतं, बरं वाटत होतं.

मग जेडनचा मोठा भाऊ माझ्या हाताकडे बघायला लागला. मीही पाहिलं. माझा उजवा अंगठा डाव्या तळव्यात फिरत होता. गोल, दाबून, करंगळीपासून वर. मी कधीही मळलेली नाही. नुसतं पाहिलंय, हजारदा.

व्हर्न बोलायचे थांबले होते. "कुणाचं?" इतकंच विचारलं.

"माय फादर."

त्यांनी मान हलवली आणि थांबून राहिले. पोरंही थांबली, एकही हसलं नाही. मी मळणं पुरं केलं. थाप मारली. भुसा उडाला. मग उरलेली झाडाच्या बुंध्याशी ठेवली. व्हर्ननी माझ्या हातावर पुन्हा एक चिमूट घातली. म्हणाले, "पहिली झाडाची." दुसरी कुणाची ते नाही सांगितलं.

साल काढताना टक्क असा आवाज होतो आणि ती आपणहून उलगडते. आतून ओली, मधाच्या रंगाची. झाड मरत नाही म्हणाले, वरचं कातडंच घ्यायचं, खोल जायचं नाही. रेनीने काढलेला तुकडा सगळ्यात मोठा.

दुसरी चिमूट खणाच्या उरलेल्या तुकड्यात बांधून घरी आणली. घरात.

६ जून, शुक्रवार

दोन दिवस गणित बंद, नुसती शिवणं. प्रि. दारातून बघून गेले, तेही एक टोचा मारून गेले.

जेवण झालं. अकरा सुपं, त्यातली तीन वाकडी. डेनिस कुबड्या घेऊन आली. मग गेल्या वर्षीचा भाजलेला तांदूळ काढला आणि पोरं पाखडायला लागली, निम्मा जमिनीवर. राहवलं नाही. रेनीचं सूप घेतलं आणि दाखवलं, मनगट कसं, झटका कुठे. कोंडा पुढे, दाणा मागे. व्हर्न म्हणाले, "हे कुणी शिकवलं?" म्हटलं, आई. "मग तुझ्या घरात दोघंही शिकवणारे," म्हणाले आणि आणखी वाढून घ्यायला गेले.

संध्याकाळी रेनीने फोटो पाठवला. पाचवं सूप. खाली काही लिहिलं नव्हतं.

८ जून, रविवार

आईचा फोन. तिकडे संध्याकाळचे सात, इकडे सकाळ. व्हिडिओ लावते आणि फोन कानाला धरते, मला नेहमी तिची कुडीच दिसते. आज कधी नव्हे ते समोर धरला होता.

"खिडकीत लाल काय गं? माझा खण ना तो? कापलास?"

खोटं बोलता आलं असतं. हळदकुंकू आहे म्हणायचं. सांगून टाकलं. लाडवांपासून अंगठ्यापर्यंत सगळं. दुसऱ्या चिमटीचंही.

आईच्या मागे कुकरची शिट्टी झाली, तिने उठून गॅस बंद केला नाही. दुसरी झाली. मला वाटलं, आता जिना काढणार, शपथ काढणार. मी तयारीत होते. रडायच्याही.

मग म्हणाली, "वास तसाच येतो का गं?"

मी पुरचुंडी सोडली. गाठ घट्ट बसली होती, वेळ लागला. नाकाशी नेली. वर बघितलं तर स्क्रीनवर नुसता अंधार. आईने फोन चेहऱ्याशी अगदी जवळ नेला होता, कानाशी की नाकाशी, कळेना.

ती थांबली होती. मी पुरचुंडी स्क्रीनशी नेली.