तुमची चावी बंद करताना

बाई, तुम्ही दिलेला पेढ्याचा डबा आज उघडला. कुंथलगिरीच्या पेढ्यांचा तो पुठ्ठ्याचा डबा, कोपऱ्यावरचा तुपाचा डाग अजून तसाच आहे. आत कापसात गुंडाळलेला पेनड्राइव्ह. तुम्ही तो माझ्या हातात ठेवलात तेव्हा तेरच्या तुमच्या स्वयंपाकघरात आपण दोघीच होतो. दवाखान्यातून नुकत्याच घरी आला होतात, उभं राहवत नव्हतं, तरी खुर्ची ओट्याशी ओढून चहा तुम्हीच टाकलात. मला वाटलं डब्यात पेढेच आहेत. उघडायला गेले तर म्हणालात, "आत्ता न्हाय. मी गेल्यावर माझी चावी बंद करायची सोय हाय यात. तूच कर. दुसऱ्या कुणाला सुचायचं न्हाय." मला रागच आला. असलं अभद्र बोलू नका म्हणून मी चहा अर्धा टाकून उठले आणि एसटी गाठली. पुढं तुम्ही फोनवर तेवढ्या भेटलात, मग तेही नाही. डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला आणि मी त्याच्याकडं बघायचं टाळत राहिले.

शाळेतली ती काँप्युटरची खोली आठवते. गणिताच्या बाई तुम्ही, पण बंद पडलेले काँप्युटर झाकून ठेवलेले तुम्हाला बघवेनात. त्यांच्यावर तुम्ही ती मोकळी प्रणाली बसवलीत, फुकट मिळणारी, आणि जिचं पोट उघडून कुणालाही आत काय आहे ते वाचता येतं अशी. सगळ्या सूचना इंग्रजीत, म्हणून मग भाषांतर करणाऱ्या मंडळींत शिरलात. मराठीचा कीबोर्डही, म्हणजे मराठी टाइप करायचा प्रोग्रॅम, तुम्हीच तयार केलात. त्या मंडळींशी तुमचं एक मोठं भांडण झालं होतं. काही पुसण्याआधी काँप्युटर विचारतो ना, त्या जागी त्यांना 'आपणांस खात्री आहे काय?' हवं होतं. "असं कोण बोलतं, तहसीलदार?" म्हणत तुम्ही तिथं तुमचं 'नक्की ना?' लिहिलंत. फळ्यावर गणित सोडवलं की हेच विचारायचात तुम्ही. उत्तर बरोबर असलं तरी. आणि मी दर वेळी गडबडून बरोबर उत्तर पुसून टाकायची. मग तुम्ही खडू माझ्या हातून काढून घ्यायचात. "नक्की नसलं तर न्हाय म्हण, त्यात लाज कसली? पण नक्की नसताना व्हय म्हणू नको. ते खोटं झालं."

या चाव्यांचा प्रकार मला तुम्हीच शिकवलात. चावीचे दोन भाग, एक आपल्यापाशी लपवून ठेवायचा, दुसरा जगाला देऊन टाकायचा. आपल्या भागानं आपण केलेल्या कामावर सही करायची, आणि जगाजवळच्या भागानं कुणालाही पडताळता येतं की हे बाईंनीच पाठवलंय, वाटेत कुणी हात लावलेला नाही. मी तुमच्या कामात आले तेव्हा माझी चावी खरी असल्याची ग्वाही तुम्ही द्यायची होती. त्यासाठी समोरासमोर भेटायचा रिवाज. मी धाराशिवहून आले, बसले, आणि तुम्ही म्हणालात, "ओळखपत्र दाखव." मी हसले. पाचवीपासून मला ओळखता, माझ्या डोक्यातल्या उवा काढल्यात तुम्ही! तुम्ही काही हसला नाहीत. चष्मा लावून माझ्या कार्डावरचं नाव, फोटो, मग चावीचे आकडे एकेक करून माझ्याकडून म्हणून घेतलेत. "माझ्या ग्वाहीवर परक्या मुलखातली माणसं तुझ्यावर इस्वास ठेवणार हाईत. त्यांनी कुठं तुझ्या उवा काढल्यात?" मला तेव्हा फार लागलं होतं, बाई. परतीच्या गाडीत रडलेसुद्धा.

आता माझी नोकरीच तीच आहे. इथं धाराशिवात इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी वाटा सांभाळते. तुम्हाला सांगायचं राहून गेलं, इंटरनेट चालतं ते निव्वळ सांगोवांगीवर. एक जाळं शेजारच्या जाळ्याला सांगतं, अमुक पत्त्यावर जायचं तर माझ्याकडून जा, आणि शेजारी मान डोलावून पुढच्याला तेच सांगतो. एकदा कुठल्याशा लांबच्या जाळ्यानं चुकून आमचेच पत्ते आपले म्हणून सांगितले आणि आमच्या गावांचा सगळा कारभार तिकडं वळला. बँका अडल्या, पोरांचे परीक्षेचे अर्ज अडकले, आणि आम्ही नुसते फोन घेत बसलो. तेव्हापासून मी सहीची वाट असेल तरच पुढं नेते. त्या गोंधळात मला आपलं बसस्टँड आठवत होतं. गाडीवर तेरची पाटी ढळढळीत दिसायची, तरी तुम्ही चालकाच्या खिडकीशी जाऊन विचारल्याशिवाय पायरीवर पाय ठेवत नव्हतात. मी पोरगी, मला लाज वाटायची. "पाटी कुणीबी लावतं," म्हणायचात.

गेल्या आठवड्यात तुमचा मुलगा भेटला. बोलता बोलता मी तुमच्या जुन्या काँप्युटरची चौकशी केली. "त्यो? दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिला की ताई. चालूच व्हत न्हवता. काय लागत व्हतं का त्यातलं?" काही नाही म्हटलं. त्याला काय बोलणार? तुमच्या चावीचा लपवायचा भाग त्याच डिस्कवर होता. तुम्ही गेल्यावर कीबोर्डचं काम माझ्या सहीनं चाललंय, पण तुमची सही मी विश्वासाच्या यादीतून कधी काढलीच नाही. ती डिस्क कुणा जाणत्याच्या हाती लागली तर तो तुमच्या नावानं बदल पाठवू शकतो, आणि किती शाळांतले, किती घरांतले काँप्युटर तो निमूट घेतील. कीबोर्डच तो. माणूस जे टाइप करतो ते सगळं त्यातूनच जातं, पासवर्डसुद्धा. तुमच्या चावीला परवलीचा शब्द होता, तेवढ्यावर भरवसा ठेवावा असं एकदा मनात आलं. पण तुम्ही असता तर माझं ओळखपत्र मागितलंत तेव्हासारख्याच करड्या नजरेनं बघितलं असतंत.

म्हणून आज रविवार धरून बसले. तुमची चावी एकदा बंद झाली की परत चालू होत नाही. तुमच्या जुन्या कामावरच्या सह्यांपुढंही आता लाल खूण येईल. माझी चावी खरी आहे, ही तुमची ग्वाहीसुद्धा कुणी धरणार नाही. तेरच्या घरात दुसरंच बिऱ्हाड आहे, शाळेची काँप्युटरची खोली पाडली, आणि तुमचं म्हणून या जगात ज्याला अजून कुणी हो म्हणत होतं असं एवढंच उरलं होतं. तेही माझ्याच हातानं जायचं. मला हे करवत नव्हतं, बाई. मी सकाळपासून भांडी घासली, कपाट आवरलं, दोनदा चहा केला.

हे पत्र तुमच्या चावीनं कुलूपबंद करावं, म्हणजे ते फक्त तुम्हालाच उघडता येईल, असंही आलं होतं मनात. पण तुमच्या चावीचा तो लपवायचा भाग आज कुठल्या भंगारात पडलाय कोण जाणे. राहू दे ते इथंच, उघडं, माझ्या काँप्युटरवर. पाठवायला कुठं आहे पत्ता?

डब्यातला पेनड्राइव्ह लावला. चावी निवडली, रद्द करा म्हटलं. आणि समोर चौकट आली. मी रोज दहा वेळा बघते ती. 'ही चावी कायमची बंद होईल. नक्की ना?' खाली दोन बटणं, होय आणि नको. तुमचेच शब्द, तुमच्याच चावीबद्दल. मी पहिल्यांदा 'नको' दाबलं. शाळेतल्यासारखंच. मग परत सगळं निवडलं, परत तुम्ही विचारलंत.

मी 'होय' दाबलं, बाई. नक्की नव्हतं.