वाऱ्याची दुसरी तपासणी

आदर्श नगर, जयपूर
३ डिसेंबर २०२४

चि. प्रणितास उमाकांतकाकाचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू नुसती हं-हं करतेस, म्हणून पत्र. कृष्णविवराजवळून सुटलेलं भन्नाट वारं आमच्या पुतणीनं पकडलं, असं मी मराठी मंडळात सांगून टाकलं. झालं! संक्रांतीच्या मेळाव्यात तुझा सत्कार ठरला. पत्रिका छापून आल्या, शालही आणली. रंगनाथ पत्की विचारत होता, एवढ्या लांबचं वारं मोजलं कुणी? जळतो मेला. रमाकाकू विचारते, दूध उतू जातं तसंच का ते? मी हो म्हटलं. बरोबर ना?

लोभ आहेच, तब्येत सांभाळ.
काका

पुणे, ११ डिसेंबर

ती. काका-काकूंना सा. न.

अहो काका, हे काय करून बसलात! काकूचं दूध बरोबर आहे. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा झगमगता गाभा. मधलं कृष्णविवर वायू ओढतं, पण सगळा गिळत नाही, बराच बाहेर उधळतं. तिथले क्ष-किरण आपल्या हवेतून खाली पोचत नाहीत, म्हणून उपग्रहावरची दुर्बीण लागते. तिच्या आलेखात मला एक खड्डा दिसला, त्या वाऱ्यातल्या लोखंडानं किरण शोषल्याची खूण. पण मतलब, एकदाच दिसला! शोधनिबंधाचे परीक्षक म्हणतात, योगायोग असेल. पुन्हा बघायला दुर्बिणीची वेळ मागितली, ती नामंजूर. चार वर्षांचा प्रबंध त्या एका खड्ड्यावर उभा आहे. रोज रडू येतं. सत्कार रद्द करा ना, प्लीज.

माझ्या जयपुरी मराठीच्या चुका पोटात घाला.
प्रणिता

जयपूर, १७ डिसेंबर

चि. प्रणितास आशीर्वाद.

सत्कार रद्द केला. पत्की दोनदा हसला, लक्षात ठेवलंय. चूक माझीच. सदतीस वर्षं विम्याचे दावे तपासले, आणि घरच्या पोरीच्या बाबतीत तपासणीआधीच शिक्का मारला.

आता ऐक. विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियात एक गोदाम जळालं होतं. मालक म्हणे, आत रजया होत्या. मला दिसली नुसती राख. राखेची दुसरी तपासणी काय करणार, कपाळ? मग रेकॉर्ड रूम धुंडाळली. शेजारच्या कारखान्याच्या फायलीत, भलत्याच कामाला गेलेल्या अधिकाऱ्यानं आगीच्या आठवडाभर आधी त्या रजया पाहिल्याची नोंद होती. तुमच्या दुर्बिणीला रेकॉर्ड रूम नाही का? शेजाऱ्यांच्या फायली बघ. आणि जेवत जा गं.

काकूचेही आशीर्वाद, लाडूंसकट.
काका

पुणे, २ मार्च २०२५

ती. काका-काकूंना सा. न.

काका, सापडलं! दुर्बिणीच्या जुन्या नोंदींत क्वेसारच्या नावानं मी आधीच शोधलं होतं, काही मिळालं नव्हतं. तुमच्या पत्रानंतर शेजाऱ्यांच्या नोंदी काढल्या. आठ वर्षांपूर्वी कुणीतरी बाजूचाच दीर्घिकासमूह बघितला होता, आणि माझा क्वेसार त्याच चित्राच्या कोपऱ्यात गुपचूप बसलेला! तोच खड्डा, जास्त ऊर्जेकडे जरासा सरकलेला, मतलब तेव्हा वारं आणखी जोरात होतं. परीक्षकांनी मानलं. शोधनिबंधाच्या शेवटी आभारात तुमचं नाव छापतेय. आता करा सत्कार.

तुमचीच, आणि लाडू संपलेली,
प्रणिता

जयपूर, ९ मार्च

चि. प्रणितास आशीर्वाद.

जुन्याच पत्रिकांवर संक्रांत खोडून पाडवा लिहिलाय. लिहायला पत्कीला बसवलं, त्याचं अक्षर सुरेख आहे. आभारात माझा हुद्दा घातला नाहीस, असो.

सदतीस वर्षं बहुतेक नामंजूर लिहिण्यातच गेली. काल तुझ्या पत्राच्या कोपऱ्यात 'मंजूर' लिहून सही केली, तर अक्षर फिसकटलं. काकू म्हणाली, पेन गळत असेल. पेन नवं आहे, आणि ते तिनंच आणलंय.

पाडव्याला ये, वाट बघतो.
काका