टॅक्सीत बसलेलं पोस्ट ऑफिस

लेवुका, ऑगस्ट

प्रिय सेरेआनाताई हिला मेरेसीचा सप्रेम नमस्कार.

शाळेच्या भिंतीवर बसून आपण मीठ लावून कच्चे आंबे खायचो आणि सिस्टरांची घंटा वाजली की कोया समुद्राच्या बाजूला भिरकावायचो, आठवतं? तुझे गुडघे कसे आहेत? ब्रिस्बेनची थंडी सोसते ना? (नारळाचं तेल लाव, तिथलं नव्हे, मी दिलेलं.)

इकडे नुसती धमाल! इस्टरच्या आधी संग्रहालयाने सुवाहून बोलावलेल्या रोशनी इंजिनियरने जुन्या इमारतींवर पेपरमिंटएवढी बटणं चिकटवली होती ना, त्यांचीच. बटण हवेत गुपचूप आपलं नाव पुकारतं, जवळून जाणाऱ्याचा फोन ते ऐकतो आणि त्या जागेची गोष्ट सांगतो. गोष्टी सगळ्या माझ्या आवाजात! बोटीचे पाहुणे खूश झाले तरच हे पुढे चालणार होतं, नाहीतर माझा आवाज गुंडाळून सुवाला परत. बटणांची राखणही माझ्याकडेच. पण आपल्यात नात्यातल्या माणसाने ‘केरेकेरे’ म्हणून काही मागितलं, तर नाही म्हणता येतं का? केलेरामावशीने चर्चचं बटण ब्लाउजला लावायला मागितलं (शोभलंही). जोनेने पोस्टाचं मागितलं, टॅक्सीच्या आरशाला. गोष्ट फोनमध्येच आहे, बटण काय शोभेचं, असं समजून मी देत गेले.

बोट आली. मासळीबाजारात मावशीसमोर येताच सगळे फोन म्हणाले, “आपण चर्चच्या दारात आहात. कृपया टोपी काढा.” पाहुण्यांनी काढल्या. “अगं बाई, किती वळण आहे हो यांना!” मावशी म्हणाली, “यांना ताजेच मासे देते.” तेवढ्यात जोनेची टॅक्सी गेली, म्हणजे पोस्ट ऑफिसच पळालं आणि पाहुणे त्याच्या मागे.

“थांब मेल्या!” मी ओरडले.

“थांबू कसा आत्या, चार पार्सलं बसलीत!”

रोशनी रडवेली झाली, संग्रहालयाचे अध्यक्ष लालबुंद. पण पाहुण्यांनी टाळ्याच वाजवल्या. असं चालतंफिरतं गाव त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं म्हणे! अध्यक्ष विरघळले, पण पुढच्या बोटीआधी प्रत्येक बटण जागेवर हवं, एकही कमी असेल तर सगळं बंद. मग मीही दारोदार केरेकेरे म्हणत फिरले आणि सगळी परत आणली.

तुझी,
मेरेसी

ता. क. सगळी म्हणजे, एक सोडून. शाळेच्या भिंतीचं. ते इस्टरला तू मागून नेलंस. तुझ्या स्वयंपाकघरात भावोजींचा फोन रोज आपल्या आंब्यांची गोष्ट सांगतो म्हणे (आणि ते दार उघडून मला शोधतात). आता मी मागते, ताई. केरेकेरे. नाही म्हणून दाखव!

ता. क. २. टपालाने मात्र पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. गेल्या खेपेला दोन दिवसांत भिंतीवर बसायचं राहूनच गेलं, आणि आंब्याला मोहोर आलाय. केलेरामावशीला खरीखुरी ब्रोच आण, रोशनीला चॉकलेटं, अध्यक्षांना काहीतरी गोड. बटण थेट माझ्या हातात दे. आणि जोने धक्क्यावर न्यायला येईल, त्याच्यासमोर पिशवी उघडूच नकोस.