मडमच्या फॉर्मातले दोन रकाने

पुणतांबे,
ता. २४ जून १९४७

श्रीमंतराव यांस गोरक्षनाथाचा नमस्कार.

आपण, वहिनी आणि मुले खुशाल असाल असे धरून चालतो. नसाल तर आधी बरे व्हा आणि मग हे पत्र वाचा, कारण ते आजारी माणसाने वाचण्याजोगे नाही. वहिनींच्या गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधून पाहावा. माझ्या गुडघ्याला त्याने काही झाले नाही, पण त्यांचा गुडघा वयाने लहान आहे. इकडे मी आहे. शाळेतून निवृत्त होऊन पावणेदोन वर्षे झाली. त्यातले पहिले वर्ष मी ओसरीवर बसून विश्रांती घेतली आणि पुढचे नऊ महिने आपल्या कृपेने कुत्री सांभाळली, त्यामुळे ती विश्रांती व्याजासकट फिटली. आपली भगिनी ठणठणीत आहे.

आपले दहा तारखेचे पत्र पोचले. त्यात आपण नर पिल्लू मागितले आहे, सोबतचा छापील फॉर्म भरून मागितला आहे आणि खाली माझी सही मागितली आहे. हे सगळे ठसठशीत अक्षरात. पिल्लांच्या बापाच्या रकान्यात साखर कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांच्या कुत्र्याचे नाव घालावे, कोण बघतो, हे मात्र समासात, मुंगीएवढ्या अक्षरात. नव्या मेजरसाहेबांना अस्सल पिल्लू द्यायचा शब्द आपण देऊन बसलात आणि हेडक्लार्कची जागा त्या पिल्लाच्या शेपटीला बांधलीत, हे कळले. पुढच्या महिन्यात कुत्रीलाही नगरला नेऊन कुणा साहेबाकडे तिची सोय लावू म्हणजे दाजींचा त्रास वाचेल, असेही आपण लिहिता. दाजींच्या त्रासाची आठवण झाली हे वाचून बरे वाटले. उत्तर एका ओळीत देता आले असते, पण ती ओळ आपल्याला रुचली नसती, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी आपण वेताची पेटी घेऊन इथल्या स्टेशनावर उतरलात, तेव्हा आम्हाला वाटले की भाऊ बहिणीसाठी दिवाळीआधीच काही घेऊन आला. पेटीतून कान निघाले. इतके कान की बाकीची कुत्री त्यांच्या मागून आली. आपल्या जुन्या साहेबाची बायको विलायतेला परत चालली, कुत्रीला बोटीवर जागा नाही, वहिनी क्वार्टरमध्ये पाऊल टाकू देत नाहीत, आणि दाजी काय, रिकामेच आहेत. तात्पुरती ठेवा म्हणालात. कागदावर तिचे नाव प्रिमरोज ऑफ हेदरफील्ड असे आहे. ते पूर्ण हाक मारून होईपर्यंत ती गोदावरीवर जाऊन परत येत असे, म्हणून गावाने तिचे नाव मडम ठेवले. पेटीच्या तळाशी तीनशे पानांचे इंग्रजी पुस्तक होते: अस्सल जातीच्या कुत्र्यांची जबाबदारीने पैदास कशी करावी आणि त्यांना प्रदर्शनात कसे मांडावे. आपण ते उघडले नव्हते हे त्याची पाने चिकटलेली होती त्यावरून समजले. मी मास्तर माणूस. पुस्तक समोर आले की ते शेवटपर्यंत वाचायचे आणि त्यात लिहिले आहे तसे करायचे, ही खोड मला जन्माची लागली आहे. कोश घेऊन दोन महिन्यांत वाचून काढले आणि वेळापत्रक करून भिंतीला लावले. रोज सकाळी कान विंचरावेत असे पुस्तक सांगते. माझ्या स्वतःच्या डोक्यावर विंचरण्यासारखे काही उरलेले नसल्याने सराव मोडला होता, तो नव्याने करावा लागला.

आपल्या भगिनीने पहिल्याच दिवशी हुकूम काढला की कुत्रीने उंबरा ओलांडायचा नाही. (थंडी पडल्यावर त्या हुकुमाचा अर्थ असा लावण्यात आला की चुलीपाशी बसलेली कुत्री उंबऱ्यापासून पुष्कळ लांब असते.) दिवसातून चार वेळा ती मला विचारी, ही बला कधी जाणार. मीही विचारी. आमचे एकमत फार वर्षांनी झाले होते.

जानेवारीत नगरच्या कँपाच्या मैदानावर साहेब लोकांनी कुत्र्यांचे प्रदर्शन भरवले, त्याची गोष्ट आपण जाणता, पण खांबाच्या अलीकडची बाजू जाणत नाही. मी आजवर प्रदर्शन पाहिले ते बैलांचे. शिंगे रंगवावीत, अंग तेलाने चोळून चमकवावे, पाठीवर झूल घालावी, हे लहान पोरालाही ठाऊक असते. मडमला शिंगे नव्हती एवढी एकच अडचण. बाकी सगळे आपल्या भगिनीने, उद्या ही नगरलाच राहिली तर बरे, असे म्हणत म्हणत केले. आदल्या दिवशी पावशेर करडईचे तेल जिरवले. पोळ्याची झूल उसवून बेताची केली. गळ्यात कवड्यांची माळ आणि दोन्ही कानांना तांबडे गोंडे. गाडीत मी कुत्रीचे रीतसर तिकीट काढले, तर तिला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत घालावे लागते म्हणे. ती पेटीत अशी रडू लागली की गार्डाने मलाच बोलावून घेतले. म्हणजे तिकीट माझे तिसऱ्या वर्गाचे आणि प्रवास पोत्यावर, पेटीच्या फटीतून बोटे आत घालून. पंच एक गोरे कॅप्टन होते. त्यांनी मडमच्या मानेवर हात ठेवला तो आपोआप शेपटीपाशी येऊन थांबला. मग त्यांनी रुमाल मागितला. तो पुरला नाही. त्यानंतर त्यांनी मला तिला घेऊन गोल पळायला सांगितले, आणि तीस वर्षे मुलांना पळू नका म्हणून ओरडत आलेला मी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी धोतर आवरून साहेबांच्या बायकांदेखत पळालो. त्या वेळी आपण शामियान्याच्या खांबामागे उभे होता. खांब बारीक होता, श्रीमंतराव. तिसरा नंबर आला. तशा कुत्र्या तीनच होत्या. ते कार्ड आपल्या भगिनीने देव्हाऱ्याशेजारी लावले आहे आणि किती जणींत तिसरी, हे मी तिला अजून सांगितलेले नाही.

नंतर लग्नाचा विषय निघाला. पुस्तकाचा सातवा धडा सांगतो की दोन्हीकडची वंशावळ पाहिल्याशिवाय जोडी लावणारा माणूस बेजबाबदार होय. आपल्या खटपटीने मॅनेजरसाहेबांच्या सार्जंट नावाच्या कुत्र्याचे कागद मार्चमध्ये आले. ते वाचायला मी ओसरीवर दोन जाणती माणसे बसवली. एक शेजारची लंकाबाई, जिने अर्ध्या गावाच्या सोयरिकी जुळवल्या आहेत. (तिला अक्षर येत नाही, पण नाती येतात.) दुसरा बन्सी, ज्याची मेंढरे आणि कुत्री यांत चाळीस वर्षे गेली. मी दोन्ही कागद मोठ्याने वाचले. मडमच्या आईचा बाप आणि सार्जंटच्या बापाचा बाप एकच निघाला. लंकाबाईने डोळे मिटून बोटांची पेरे मोजली आणि निकाल दिला, "मास्तर, ही त्याच्या आत्याची लेक हाय. मामाची असती तर आनली असती. आत्याची आनत न्हाईत." पुस्तकातही जवळचे रक्त टाळावे असेच लिहिले आहे, पण त्याला त्यासाठी दोन पाने लागली. मी तिथल्या तिथे मॅनेजरसाहेबांना, योग दिसत नाही, राग नसावा, आपल्या चिरंजीवास याहून चांगले स्थळ मिळो, असे पत्र लिहायला घेतले. ते त्यांनी आपल्याला दाखवले आणि आपल्याला खुर्चीत बसावे लागले असे ऐकतो.

आम्ही तिघे तिच्या मामाच्या घराण्याचा निकाल लावत होतो त्या वेळी मडम परसातल्या कुंपणातून बाहेर पडलेली होती. बन्सीचा भुंग्या म्हणून मेंढरांमागचा कुत्रा आहे. रंग काळा, कान एक. दुसरा कान कामावर असताना गेला. बन्सी त्याला हाक मारायला म्हणून परसाकडे गेला, जरा वेळाने परत आला आणि पागोटे सारखे करत म्हणाला, "तुमी कागुद वाचा मास्तर. तिकडं हून गेलं."

नऊ आठवड्यांनी पाच पिल्ले झाली. उंबऱ्याच्या पुष्कळ आत, कोठीघरात, आपण भाऊबीजेला घातलेल्या लुगड्यावर. (ते लुगडे आपल्या भगिनीला आवडले नव्हते असे मला इतके दिवस वाटत होते. तसे नव्हते.) मडमला सव्वा महिना अळिवाची खीर मिळाली. मी एकदा वाटीभर मागितली तर, तुम्ही काय बाळंतीण आहात का, असे उत्तर आले. पाचही पिल्लांचे कान निम्म्यापर्यंत विलायती आहेत आणि तिथून पुढे पुणतांब्याचे. मेजरसाहेबांना डोळे असतील तर रकान्यात काय लिहिले आहे याला फारसा अर्थ नाही.

आता सहीचे. श्रीमंतराव, हेडक्लार्कची जागा आपल्याला मिळावी असे मला मनापासून वाटते. आपण ती अकरा वर्षे मागे बसून कमावली आहे, आणि माझ्या एका नाहीमुळे ती गेली तर मला वाईट वाटेल, झोपही लागणार नाही. पण मी तीस वर्षे शाळेचे रजिस्टर लिहिले. मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख. तारीख सरकवून द्या म्हणून पाटील आले, सावकार आले आणि आपल्या थोरल्याच्या वेळी आपणही आला होता. त्यानंतर आपले बोलणे दोन वर्षे बंद होते हे आपल्याला आठवत असेल. रजिस्टरात शाईने लिहिलेले खोडायचे नाही आणि बापाच्या रकान्यात दुसऱ्याचे नाव घालायचे नाही, एवढे दोन नियम घेऊन मी घरी आलो. दुसरे काही आणले नाही. ते एका कुत्र्यासाठी मोडायचे म्हणजे ज्या पोरांना मी परत पाठवले त्यांच्यापुढे मला तोंड उरत नाही.

तरी फॉर्म कोरा पाठवणे बरे नव्हे, म्हणून भरला आहे. बापाच्या रकान्यात भुंग्या. त्याची वंशावळ बन्सीने सांगितली आणि जिथे तो अडखळला तिथे लंकाबाईने. भुंग्याचा बाप ढाण्या, त्याची आई वाडीवरची चांदी, चांदीची आई श्रीगोंद्याहून मेंढरांबरोबर चालत आलेली, तिने वाटेत सात पिल्ले दिली आणि एकही मागे सोडले नाही. विलायतेचा कागद चार पिढ्यांवर संपतो. आमचा सहाव्या पिढीला जागा संपली म्हणून थांबला. पारितोषिकांचा रकाना होता, तिथे मडमपुढे तिसरा नंबर असे लिहिले. भुंग्यापुढे काय लिहावे असे बन्सीला विचारले तर तो म्हणाला, "ल्हा, एक लांडगा." तसे लिहिले आहे. खाली माझी सही आहे आणि ती खरी आहे. नर पिल्लू बन्सीबरोबर पाठवतो. मेजरसाहेबांना फॉर्म सगळा वाचून दाखवा. तरीही त्यांनी ठेवले तर ते पिल्लू चांगल्या घरी पडले. नाही ठेवले तर बन्सी स्टेशनावर संध्याकाळच्या गाडीपर्यंत बसून राहील.

मी थकलो आहे. हात दुखतो, पाठ दुखते, आणि आत्ता पायावर कोण झोपले आहे ते पाहायला वाकवत नाही. वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. राग आला तर थोडा खर्च करून बाकीचा पुढच्या भेटीसाठी ठेवावा.

आपला,
गोरक्षनाथ

ता. क. कुत्रीची नगरला सोय लावण्याविषयी आपण विचारले होते, ते सांगायचे राहिले. सोय नको.

आणखी ता. क. खरे म्हणजे पत्र लिहायला बसलो ते यासाठीच. फॉर्माच्या तळाशी शेवटचा एक रकाना आहे, कुत्रीच्या मालकाचे नाव. तिथे साहेबाच्या बायकोचे लिहावे तर ती विलायतेत आहे, आपले लिहावे तर आपण खांबामागे. निवृत्त झाल्यापासून सकाळी उठून कुणासाठी बाहेर पडायचे हे मला समजत नव्हते, ते आता समजते. म्हणून त्या रकान्यात माझे नाव घालण्याची परवानगी आपण द्यावी, ही हात जोडून विनंती. परवानगी येईपर्यंत शाई वापरणे बरोबर नव्हे, तेव्हा तूर्त पेन्सिलीने लिहिले आहे.

शेवटचा ता. क. पाकीट बंद करण्याआधी फॉर्म पुन्हा एकदा पाहिला. माझे पेन्सिलीतले नाव रबराने पुसलेले आहे आणि त्या जागी शाईने, रेघ सोडून, मोठ्या अक्षरात ‘झुंबर’ असे लिहिले आहे. लग्नानंतर मी आपल्या भगिनीला तिच्या या नावापासूनच अक्षरओळख करून दिली होती. तिचा उपयोग तिने पंचांगातले उपवास पाहण्यापलीकडे कधी केला नव्हता. विचारले तर म्हणाली, तुम्ही तर ती कधी जाणार म्हणून रोज विचारत होता. शाईने लिहिलेले मी खोडत नाही, हे तिला माहीत आहे. तेव्हा माझी वरची विनंती रद्द समजावी.