शाईचा बोळा

सुधीरा,

पत्रात लेकाला चिरंजीव लिहायचं, एवढं तिसरीत शिकले होते. तुला ते कसं लिहू?

काल तुझ्या मनालीने माळ्यावरून तुझा बोळा काढला. शाईने दगड झालाय. "आजी, हे काय हाय?" म्हणे. चौदा वर्षांची घोडी, बापाचं हत्यार ओळखेना! ओळखणार कशी, तू गेलास तेव्हा पाळण्यात होती.

सांगितलं मग. बोळा म्हणजे सुती चिंध्यांचा गोळा, वरून माझ्या जुन्या लुगड्याचं फडकं, सुतळीने आवळलेलं. अक्षरं कापलेला पत्रा पिंपावर धरायचा आणि शाईत बुडवलेला बोळा वरून ठोकायचा. घासायचा नाय. घासला की शाई पत्र्याखाली शिरते, अक्षर फुगतं. सालवडला राहणारा तुझा उत्तरेकडचा सोबती ओरडायचा ना, "ठोक भाई, रगड मत!" तुझ्या केमिकल कंपनीची पिंपं, गोणी, सुट्टीच्या दिवशी शिरगावच्या होड्यांचे नंबर, सगळं त्याच बोळ्याने केलंस.

आणि मी काय म्हणायचे? "दहावी शिकून चिंधी बडवतो! आमी पोतेऱ्याने सारवतो, तू बोळ्याने. फरक काय?" मासळी विकायला बसले की चार बायांतही तेच. तू हसायचास. एकदा मात्र हसला नाहीस. दुसऱ्याच आठवड्यात आत प्लांटवर बदली मागून घेतलीस. "आता तरी गप बसशील?" म्हणालास.

गप कसली बसते! साऱ्या आळीला सांगत फिरले, माझा लेक ऑपरेटर झाला.

मग प्लांटवरचा तो स्फोट. तुला आणलं तेव्हा तोंडही बघू दिलं नाही मला. तुझी जुनी पिंपांची शेड तिथून लांब होती. शेडमधली सगळी माणसं आपल्या पायांनी घरी आली. का रे ऐकलंस माझं? एरवी कधी ऐकायचास?

मनालीने विचारलंच, "मग बाबांनी ते काम सोडलं कशाला?" मी म्हटलं, "कोळंबी सोल, बडबड नको." पोरीला वाटतं, बाप आपल्या हौशीने आत गेला.

उद्या बाजारातून आले की तिला समोर बसवते. रडणार नाही. रडले की ती लगेच माफ करील, आणि ते मला नको. सरळ सांगेन, तुझ्या बापाला तिथे मी धाडलं, माझ्या या तोंडाने. पुढे ती माझ्याशी बोलो, न बोलो.

तुझी आई