गरम बशीचं वजन

६ जाने. १९६४
कामावर, यवतमाळला सांडपाण्याच्या टाकीतला गाळ काढला. गाळून, बशीत वाळवून वजन. मग बशी भट्टीत. जळून जातं ते सेंद्रिय. घाण पाणी साफ करणारे जीव त्यातच. मागे राहते ती राख, नुसती माती.
संध्याकाळी बाभुळगावात सभा. हाच दाखला दिला. शेवटी गरजलो, माझ्या घरच्या चितेची राख कधी नदीत जाणार नाही! टाळ्याच टाळ्या. बाबा पहिल्या रांगेत. त्यांनी टाळी वाजवली नाही. दम लागला असेल.

२१ जाने.
सकाळी बाबा गेले. जिनिंग कारखान्यातल्या कापसाच्या धुळीनं छाती आधीच... दहन झालं. त्रिशरण म्हणायला उभा राहिलो, आवाज फुटेना. माझा!

२३ जाने.
मायनं राख गाडग्यात भरून ठेवली. बेंबळा नदीत सोडायची म्हणते. मी भडकलो. कर्मकांड, आंधळेपणा, छप्पन्न साली दीक्षा घेतली ती कशाला, सगळं बोलून घेतलं. तिनं ऐकलं. मग,
"झालं तुयं भाषण? वरच्या घाटावर तुया बाबाले जनमभर पाय ठेवू देला नाही. खालचं गढूळ पाणी पेला तो. म्हने, मेल्यावर त वरच्या घाटानं जाईन. देवासाठी नाही रे बाप्पा."
"मग बाबानं मले काहून नाही सांगतलं?"
"तू बोलून राह्यलता ना."

२४ जाने.
कामावर. साहेब म्हणाले, "काय वक्ते, आज गाळापुढे मौन?" बाबांचं सांगितलं. ओशाळले.
भट्टीतली बशी थंड होऊ न देताच तराजूवर ठेवली. अशी चूक आजवर केली नव्हती. गरम बशी हलकी भरते, म्हणून जळून गेलेलं आहे त्याहून जास्त दिसतं. आकडा खोडला. तासाभरानं पुन्हा मोजलं. बरोबर आलं.
बाबांचं असं पुन्हा कधी मोजता...

२ फेब्रु.
मायनं आज राख सोडायचं ठरवलंय. वरच्या घाटावरचे लोक आडवे येतील, असं कानावर आलं. त्यांची भीती नाही, त्यांच्याशी भांडता येतं. पण टाळ्या वाजवणारे आपलेच लोकही तिथं असतील. त्यांना काय सांगू?
माय धुतलेलं लुगडं नेसून दारात बसली आहे. गाडगं मांडीवर. मी हात लावून पाहिला. गार झालंय कधीचंच.
"येतं काय," म्हणते, "का मी एकलीच जाऊ?"